जुन्या मसल कारची फ्युएल लाइन पुन्हा 'कंपनी फिटिंग' का करतात?

'फास्ट अँड फ्युरियस'मधली ती काळी डॉज चार्जर आठवतेय? २००१ च्या पहिल्या सिनेमात डॉमिनिक टोरेटोच्या गॅरेजमध्ये उभी असलेली ती गाडी १९७० च्या मॉडेलची. अशा गाड्यांचे रील्स पाहिले तर कॅमेरा ठरलेल्या तीन गोष्टींवर फिरतो: रंग, इंजिन आणि चाकं. गाडीच्या पोटाखालून मागून पुढे गेलेली, करंगळीपेक्षाही बारीक लोखंडी नळी कुणी दाखवत नाही.

अमेरिकेत जुन्या मसल कार्स पूर्ववत करणारे लोक मात्र याच नळीवर दिवसचे दिवस घालवतात. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ती नळी कुठून वळली होती, किती जाड होती, तिला कुठे क्लिप होती, हे सगळं शोधून ते ती पुन्हा तशीच बसवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडी पुन्हा 'कंपनी फिटिंग' करतात.

एका साध्या नळीसाठी एवढा खटाटोप कशासाठी? यात हौस आहे आणि पैशांचा हिशेब आहे. पण सगळ्यात मोठं कारण आहे आग. हे सगळं प्रकरण नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

मसल कार म्हणजे नेमकी कुठली गाडी?

सोपी व्याख्या करायची तर मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचं अवाढव्य इंजिन बसवलं की झाली मसल कार. हा प्रकार लोकप्रिय करण्याचं श्रेय बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओला देतात. मध्यम गाडीत फार मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत नियम होता. पॉन्टिॲकच्या इंजिनिअर्सनी पळवाट काढली. टेम्पेस्ट या साध्या गाडीवर 'जास्तीचे पैसे भरून मिळणारा पर्याय' म्हणून त्यांनी ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही८ इंजिन दिलं. गाडी धडाक्यात खपली आणि बाकीच्या कंपन्याही मैदानात उतरल्या.

ही चढाओढ १९७० मध्ये टोकाला पोहोचली. त्या वर्षीच्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ या गाडीत ७.४ लिटरचं इंजिन होतं. त्यातल्या एलएस६ या प्रकाराची ताकद कंपनीने ४५० हॉर्सपॉवर सांगितली होती. पुढे प्रदूषणाचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ मध्ये तेलसंकट आलं. मसल कारचा सुवर्णकाळ तिथे संपला.

आज या गाड्या पन्नाशी ओलांडून गेल्यात. त्यांच्या पोटाखालच्या नळ्यांचंही वय तेवढंच आहे.

टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचतं कसं?

शेव्हेलचंच उदाहरण घेऊ. पेट्रोलची टाकी मागे, डिकीखाली. इंजिन पुढे. मधलं अंतर तीन-चार मीटरचं. टाकीच्या आत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीचा मोजा असतो. टाकीतला कचरा तिथेच अडतो. तिथून रबराचा एक छोटा तुकडा आणि मग फ्रेमला धरून पुढे जाणारी पोलादी नळी.

ही नळी पुढे पोहोचते ती पेट्रोल पंपाशी. आजच्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि विजेवर चालतो. त्या काळी तो इंजिनच्या अंगाला बोल्टने बसवलेला असायचा. शेव्हरोलेच्या व्ही८ इंजिनमध्ये कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरतो, तो एका दांड्याला ढकलतो, दांडा पंपाचा हात हलवतो आणि आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, वर-खाली होतो. इंजिन फिरलं की पंप चालतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पंपापासून कार्बोरेटरपर्यंत पुन्हा पोलादी नळी. या टप्प्यात दाब असतो साधारण ४ ते ७ पीएसआय. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तो बहुधा ४० पीएसआयच्या वर असतो. म्हणजे जुन्या गाडीचा कारभार अगदी कमी दाबावर चालतो. टाकी, नळी, पंप आणि कार्बोरेटर हे चौघं एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. त्यातल्या एकालाही परस्पर बदललं की बाकीच्या तिघांची गणितं चुकायला लागतात.

मग पन्नास वर्षांत बिघडलं काय?

सगळ्यात आधी गंज. नळी बाहेरून गंजते, विशेषतः अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत. तिथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ थेट गाडीच्या पोटाला चिकटतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली तर नळी आतूनही गंजते. जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखा थर बसतो तो वेगळाच.

पण गंजापेक्षा जास्त घोळ माणसांनी घातलेला असतो. १९८०-९० च्या दशकात या गाड्या म्हणजे केवळ 'जुनी गाडी' होत्या. नळी गळली की गळका भाग कापायचा, तिथे रबरी पाइप घुसवायचा, दोन क्लॅम्प आवळायचे, झालं काम. दुसऱ्या मालकाने आणखी एक तुकडा बदलला. तिसऱ्याने बाजारातला काचेचा फिल्टर मध्येच बसवला, कारण त्यातून पेट्रोल वाहताना दिसतं. चौथ्याने मागे इलेक्ट्रिक पंप लावला. प्रत्येकाने आपापल्या वेळी अडचण सोडवली, पण शेवटी गाडीच्या पोटाखाली उरलं ठिगळांचं गोधडं.

यातला प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी शक्यता. पंप आणि कार्बोरेटरच्या मधली पोलादी नळी काढून तिथे रबर आणि काचेचा फिल्टर लावणं सगळ्यात धोक्याचं. तो भाग तापलेल्या इंजिनच्या अगदी जवळ असतो, सतत थरथरतो, आणि काही अंतरावर एक्झॉस्टचं लोखंड भाजून निघत असतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. थेंब-थेंब गळतीसुद्धा इथे चेष्टा नसते.

गंमत म्हणजे अनेक शेव्हरोले गाड्यांना त्या फिल्टरची गरजच नव्हती. त्यांच्या रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत शिरतं त्या नटाच्या मागेच कंपनीने छोटा फिल्टर बसवलेला होता. बाहेरून दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजून लोकांनी दुसरा लावला.

इलेक्ट्रिक पंप तर आधुनिक आहे, मग त्यात वाईट काय?

पंप वाईट नाही, तो कसा जोडलाय त्यावर सगळं आहे. मघाचा मुद्दा आठवा: जुना पंप इंजिन बंद पडलं की थांबतो. समजा अपघात झाला आणि नळी तुटली. इंजिन बंद पडलं की पेट्रोल ढकलणंही आपोआप थांबतं. साध्या स्विचवर जोडलेला इलेक्ट्रिक पंप मात्र चावी चालू आहे तोवर तुटलेल्या नळीतून पेट्रोल बाहेर फेकत राहतो. म्हणून असा पंप लावायचाच असेल तर धक्का बसल्यावर किंवा ऑइलचा दाब गेल्यावर वीज तोडणारा स्विच लागतो. घाईघाईत केलेल्या कामात नेमका तोच गाळलेला असतो.

दुसरी अडचण दाबाची. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई जेमतेम सहा-सात पीएसआय दाब पेलते. त्यापेक्षा जास्त दाबाचा पंप रेग्युलेटरशिवाय लावला तर सुई हार मानते, कार्बोरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल थेट गरम इंजिनवर सांडतं.

नळीच्या जाडीने एवढा काय फरक पडतो?

जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत लहान इंजिनांना साधारण ५/१६ इंची नळी असायची, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. मोठ्या, ताकदवान इंजिनांना ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचाच वाटतो. पण बाहेरच्या मापावर हिशेब केला तर जाड नळीचा छेद सुमारे ४४ टक्क्यांनी मोठा भरतो. साडेसात लिटरच्या इंजिनला बारीक नळी लावली तर गावात गाडी मजेत चालते, पण महामार्गावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन उपाशी राहतं आणि धापा टाकतं. मालक कार्बोरेटर खोलून बसतो, दोष मात्र नळीचा असतो.

काही गाड्यांत आणखी एक, पाव इंची नळी असायची. हिचं काम उलटं: पंपाकडून जास्तीचं पेट्रोल आणि वाफ टाकीकडे परत नेणं. एअर कंडिशनर असलेल्या किंवा मोठ्या इंजिनच्या अनेक गाड्यांना ही परतीची नळी दिलेली होती. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्यांना वाफेसाठी वेगळी नळी आणि कोळशाचा डबा आला, कारण पेट्रोलची वाफ हवेत सोडायला त्या राज्याने बंदी घातली होती. १९७१ च्या मॉडेलपासून हा नियम देशभर लागू झाला. म्हणजे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही नळ्यांची संख्या वेगळी असू शकते.

परतीची नळी बंद केली तर काय होतं?

मधल्या काळात अनेकांनी ही नळी 'कशाला हवी' म्हणून बुच मारून बंद केली. तिचं महत्त्व उन्हाळ्यात कळतं.

महाबळेश्वरला पाणी मुंबईपेक्षा थोड्या कमी तापमानाला उकळतं, कारण वर हवेचा दाब कमी असतो. पेट्रोलचंही तसंच. इंजिनला बसवलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा मधल्या नळीत दाब कमी होतो, आणि तिथलं पेट्रोल लवकर उकळतं. नळीत वाफेचे फुगे तयार होतात. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलणं जमत नाही. गाडी सिग्नलला बंद पडते आणि तासाभराने, थंड झाल्यावर, काहीच घडलं नाही अशी सुरू होते. याला व्हेपर लॉक म्हणतात.

परतीची नळी असेल तर पेट्रोल सतत फिरत राहतं, गरम पंपात साचत नाही आणि वाफेला टाकीकडे जायला वाट मिळते. आजच्या पेट्रोलमुळे हा त्रास वाढलाय. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एवढं इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब सुमारे १ पीएसआयने वाढतो, म्हणजे ते आणखी लवकर वाफाळतं. बंद टाकी आणि जास्त दाब असलेल्या नव्या गाड्यांना त्याने फरक पडत नाही. १९७० च्या गाडीला पडतो.

नळीची वाटही यासाठीच महत्त्वाची. कारखान्याने ती एक्झॉस्टपासून लांब, फ्रेमच्या आडोशाने नेली होती. दगड लागण्याच्या जागी काही नळ्यांना स्प्रिंगसारखं कवच घातलेलं असायचं. नंतर बसवणाऱ्याने सोपी, सरळ वाट धरली की नळी नेमकी उष्णतेजवळून जाते.

मूळ नळी कशी होती, हे कळतं कसं?

पहिला आधार कारखान्याचं असेंब्ली मॅन्युअल. कामगारांसाठी काढलेल्या या आकृत्यांमध्ये कुठली क्लिप कुठल्या भोकात, हेही दिलेलं असतं. त्यांच्या छापील प्रती आज मिळतात.

दुसरा आधार जास्त भन्नाट आहे. प्रत्येक गाडीत कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, काय-काय जास्तीचं बसवायचं, याचा एक कागद कारखान्यात गाडीबरोबर फिरायचा. त्याला बिल्ड शीट म्हणतात. काम झालं की कामगार तो कागद गाडीतच कुठेतरी सोडून द्यायचे. शेव्हेलसारख्या अनेक गाड्यांत हा कागद पेट्रोलच्या टाकीच्या वर, डिकीच्या पत्र्याखाली दडलेला सापडलाय. म्हणून जाणकार नळीच्या कामासाठी टाकी उतरवताना ती धसमुसळेपणाने खाली ओढत नाहीत. पन्नास वर्षांचा तो कुजका कागद गाडी अस्सल असल्याचा पुरावा ठरू शकतो.

तिसरा आधार जुनी नळी स्वतः. ती कितीही गंजलेली असली तरी नवी बसेपर्यंत फेकायची नसते. तिचे वळसे हाच नकाशा.

नवी नळी कशी बसवतात?

अमेरिकेत अनेक मसल कार्ससाठी मूळ वळशांबरहुकूम तयार नळ्या विकत मिळतात. त्यात दोन मुख्य पर्याय असतात. साधं पोलाद मूळच्यासारखं दिसतं, वळवायला आणि जोडायला सोपं, पण कधी ना कधी गंजणार. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, पण ते कडक असल्याने जोड घट्ट बसवायला कसब लागतं. तांब्याची नळी मात्र टाळतात. ती हाताने सहज वाकते म्हणून मोह होतो, पण सततच्या थरथरीने कडक होऊन तिला चिरा जातात.

जोडांमध्ये एक बारीक फसगत असते. गाडीच्या मूळ नळीचं तोंड ४५ अंशांत फुलवलेलं असतं आणि त्याची कडा आत दुमडून दुहेरी केलेली असते. रेसिंगच्या दुकानात मिळणारे 'एएन' जोड मूळचे विमानांसाठीचे, त्यांचा कोन ३७ अंशांचा. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण बसत नाहीत. गळतात. मग अजून आवळतात, आणि तोंडच चिरतं.

शेव्हेलमध्ये आणखी एक अडचण येते. तिची बॉडी वेगळ्या फ्रेमवर बसवलेली असते आणि कारखान्यात नळी आधी फ्रेमवर लागायची, बॉडी नंतर वरून यायची. बॉडी न उचलता तीच नळी जागेवर सरकवणं म्हणजे दोन माणसांची चांगलीच कसरत.

कामाआधी बॅटरी सोडवतात, टाकी रिकामी करतात, आणि रिकाम्या टाकीलाही तेवढंच घाबरून राहतात. कारण जळतं ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि रिकाम्या टाकीत वाफच भरलेली असते. नळी बसवण्याआधी दाबाची हवा मारून आतून साफ करतात, नाहीतर कापताना पडलेला कीस थेट कार्बोरेटरमध्ये जातो. शेवटी दाब मोजतात, इंजिन गरम होऊ देतात, प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहतात, गार झाल्यावर पुन्हा पाहतात.

मग सगळंच जुनं ठेवायचं का?

नाही. आणि इथेच हौशी माणूस आणि जाणकार यांच्यातला फरक दिसतो.

पोलादी नळी, तिची वाट, तिच्या क्लिपा मूळच्यासारख्या हव्यात. रबर मात्र आजचंच हवं. काही संग्राहक त्या काळचा, पाकीटबंद राहिलेला रबरी पाइप मोठी किंमत देऊन मिळवतात. दिसायला तो शंभर टक्के अस्सल असतो, पण रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि ते इथेनॉलसाठी कधी बनवलंच नव्हतं. इथेनॉलमुळे असं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. पंपाच्या जुन्या डायफ्रामचंही तेच. तो आतून फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि लाखमोलाच्या इंजिनची बेअरिंग्ज जातात.

त्यामुळे जाणकार रबरी पाइपच्या अंगावर छापलेला 'एसएई ३०आर' हा दर्जा बघून घेतात. त्यातला आर७ कार्बोरेटरच्या कमी दाबाच्या गाड्यांसाठी, आर९ इंजेक्शनच्या जास्त दाबासाठी, तर आर१४ मधून पेट्रोलची वाफ कमी झिरपते. प्रदर्शनातल्या परीक्षकांना खूश करायला वरून जुन्या पद्धतीचा क्लॅम्प लावतात, पण आतला माल नवा ठेवतात.

आणि ज्याने गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवलंय, त्याने मूळ नळीच्या मागे लागू नये. त्या दाबासाठी ती बनलेलीच नाही.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आपल्या रस्त्यांवर शेव्हेल दिसत नाही. पण २०२५ मध्ये भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, आणि त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातून येतं. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवले आहेत. घरातली जुनी बुलेट, येझदी किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी त्याआधीची आहे. तिच्या पेट्रोलच्या पाइपचं रबर कुठल्या सालचं आहे, हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं.

ते तपासायला मसल कारचा मेकॅनिक लागत नाही. इंजिन गार असताना पाइप बोटांत धरून हलकेच दाबून बघायचा. तो चिकट लागला, फुगलेला वाटला, वाकवताना बारीक चिरा दिसल्या किंवा गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येत असेल, तर पाइप आणि क्लॅम्प दोन्ही बदलायचे. नवा पाइप घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे ना, एवढं दुकानदाराला विचारायचं. आणि मेकॅनिकने पाइप सायलेन्सरजवळून नेला असेल, तर तो मुळात कुठून जात होता, हेही त्याला विचारायचं.